मराठीतून समजून घ्या, इंग्रजीत लिहा: कॉलेजच्या अभ्यासात चॅटबॉट कसा वापरायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतलं की पहिली अडचण येते ती इंग्रजीची. डिग्रीला ती वाढतेच. शिकवणं इंग्रजीत, वर्गाबाहेर बोलणं मराठी-कन्नडमध्ये आणि पेपर पुन्हा इंग्रजीत. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांसारखे चॅटबॉट इथे खरोखर कामाला येतात. मात्र त्यांच्याकडून नुसती तयार उत्तरं घेतली, तर इंटर्नलची असाइनमेंट भरते आणि मुख्य परीक्षेत पेन अडतं.

विचारण्याआधी काय द्यायचं

'थर्मोडायनॅमिक्स समजाव' एवढंच लिहिलं तर जगभराचं सर्वसाधारण उत्तर येतं, तुमच्या सिलॅबसचं नाही. आधी कोर्स, सेमिस्टर, विषय आणि मॉड्यूल लिहा. मग पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो द्या. एका वेळी एकच पान, उजेडात, सरळ धरून काढलेलं. फोटो दिल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. 'पानावर काय वाचलंस ते आधी टाइप करून दाखव' असं सांगा. घातांक, खालचे छोटे अंक आणि ग्रीक अक्षरं यांत वाचनाच्या चुका सर्वात जास्त होतात, आणि तिथे चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

मराठी आणि इंग्रजीची सांगड

सूचना अशी द्या: 'हा परिच्छेद सोप्या मराठीत समजाव. शास्त्रीय शब्द इंग्रजीतलेच ठेव. शेवटी त्या शब्दांची यादी दे.' शास्त्रीय शब्दांचंही भाषांतर करू दिलं तर काही शब्द हिंदीतून येतात, काही बॉट स्वतः बनवतो, आणि पेपरात यांतलं काहीच चालत नाही.

समजलं की चॅट बाजूला ठेवा आणि वहीत चार-पाच ओळी इंग्रजीत स्वतः लिहा. त्या टाइप करून म्हणा: 'माझी वाक्यं बदलू नकोस. फक्त चुका दाखव आणि प्रत्येक चुकीचं कारण मराठीत सांग.' हे स्पष्ट सांगितलं नाही तर बॉट अख्खा परिच्छेद नव्याने लिहून टाकतो. तो वाचायला छान वाटतो, पण तसं वाक्य तुम्हाला परीक्षेत सुचणार नसतं. पहिल्या सेमिस्टरपासून रोज एक परिच्छेद असा केला, तर हा चॅटबॉटचा सर्वात मोलाचा उपयोग आहे.

ज्यांना कन्नडचा पेपर आहे त्यांनी प्रत्येक वाक्य तीन ओळींत मागावं: कन्नड लिपीत, देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. वाक्यरचना मात्र एखाद्या कन्नड मित्राकडून तपासून घ्या.

प्रश्न त्याला विचारू द्या

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, इंजिनिअरिंगचं) १०० गुणांच्या पेपरात ५ मॉड्यूल आणि १० प्रश्न असतात. प्रत्येक मॉड्यूलमधला एक, असे ५ सोडवायचे, प्रत्येकी २० गुणांचे. ३ तासांत एका प्रश्नाला ३६ मिनिटं मिळतात. त्यामुळे सराव हातानेच हवा.

मॉड्यूल वाचून झालं की सांगा: 'यावर एका वेळी एकच प्रश्न विचार. मी चुकलो तर उत्तर देऊ नकोस, एक खूण दे.' मग जुन्या पेपरातला एक प्रश्न घड्याळ लावून कागदावर सोडवा. त्याचा फोटो आणि पुस्तकातलं संबंधित पान दोन्ही द्या आणि विचारा: 'पुस्तकातले कोणते मुद्दे माझ्या उत्तरात नाहीत?' गुण विचारू नका. बॉट सढळ हाताने गुण देतो आणि खूश करायला बघतो, तुमच्या परीक्षकाची पद्धत त्याला माहीत नसते.

गणितं

समजा, ४ मीटरचा बीम (तुळई) आहे, दोन्ही टोकांना साधा आधार, मधोमध १० किलोन्यूटन भार. कमाल बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणाऱ्या परिणामाचं माप) म्हणजे भार गुणिले लांबी भागिले ४, म्हणजे १० किलोन्यूटन-मीटर. हाच भार बॉटने 'पूर्ण लांबीवर दर मीटरला १०' असा वाचला तर सूत्र बदलतं, लांबीचा वर्ग येतो, ८ ने भागलं जातं आणि उत्तर २० येतं. पायऱ्या सगळ्या बिनचूक, फक्त गणित दुसरंच. म्हणून 'दिलेली माहिती आणि एककं आधी लिही, मी हो म्हटल्यावरच सोडव' असं सांगा. शेवटची आकडेमोड स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर करा.

इतिहास, राज्यशास्त्र आणि संदर्भ

सीमाप्रश्नावर असाइनमेंट असेल तर जास्त जपून. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा हा क्रम बॉट बहुधा नीट सांगतो. महाराष्ट्राने मागितलेल्या गावांच्या संख्येत मात्र गोंधळ होतो. ८१४ आणि ८६५ हे दोन्ही आकडे जुन्या-नव्या लिखाणात आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावात ८६५ आहे. त्यामुळे आकड्याबरोबर तो कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा, हे लिहिलंच पाहिजे. शिवाय प्रश्नाचा सूर जसा, तसं उत्तर येतं. 'अन्याय कसा झाला' विचारलं तर एकच बाजू मिळते. दोन्ही राज्यांचे युक्तिवाद वेगवेगळे मागा, मग मूळ अहवाल किंवा ठराव उघडून ताडून बघा.

संदर्भसूची बॉटकडून घेऊच नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं, कारण तो शब्दांची संभाव्य जुळणी करत असतो. प्रबंध शोधगंगावर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) शोधा, लेखाचं नाव अवतरणात घालून सर्च करा. उघडून वाचता आला नाही तो संदर्भ गाळा.

प्रबंधासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) नक्कल रोखण्याचे २०१८ चे नियम आहेत; प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांत धरलेले नाहीत. या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही. पण साम्य कमी असणं म्हणजे लिखाण तुमचं असणं नव्हे, आणि तोंडी परीक्षेत ते दोन प्रश्नांत कळतं. गाइडना विचारा, बॉट कुठवर चालेल ते. आपले कच्चे मसुदे तारखेसह जपून ठेवा. एआय ओळखणारी सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः लिहिलेल्या मजकुरावरही बोट ठेवतात, तेव्हा हेच मसुदे दाखवता येतात.

किरकोळ पण लागणारं

प्रत्येक विषयाला नवी चॅट उघडा. चॅट फार लांबली की आधीच्या सूचना सुटतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या गावांत रेंज जाते, तेव्हा फोटो चढवायचं काम कॉलेजच्या वाय-फायवर उरका आणि कामाची उत्तरं फोनच्या नोट्समध्ये उतरवून ठेवा. हॉल तिकीट, आधार किंवा सर्व्हेतल्या लोकांची नावं-नंबर चॅटमध्ये टाकू नका. सर्व्हेचा तक्ता द्यायचाच असेल तर नावांच्या जागी १, २, ३ असे क्रमांक घाला.