कोच शोधताय? आधी एवढं विचारा

सोलापुरात ‘मी कोच आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “दहावीचे घेता की नीटचे?” नवी पेठेतल्या एका काकांनी तर नातवासाठी कुठली बॅट घ्यावी, तेच विचारलं. त्यांचा काय दोष? आपल्याकडे रेल्वेचा डबाही कोचच. माझं काम वेगळं: उत्तर न देता, प्रश्न विचारून माणसाला स्वतःचा निर्णय शोधायला मदत करायची.

इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही अशा कोचांची जागतिक संघटना १९९५ पासून आहे, तिची व्याख्याही आहे. पण ती वाचून दाखवली की समोरचा जांभई देतो. म्हणून व्याख्या सोडा, पहिल्या भेटीत कोच बोलतो किती ते मोजा; जितका कमी, तितका बरा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक टॉवेलवाले अण्णा माझ्याकडे आले: “पोराच्या हातात कारखाना देऊ का?” सल्लागाराने ताळेबंद मागितला असता. समुपदेशक बाप-लेकाच्या जुन्या दुखण्याकडे वळला असता. मेंटॉरने स्वतःचा अनुभव सांगितला असता. मी विचारलं, “दिला, तर सोमवारी सकाळी तुम्ही कुठे असाल?” अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “तेच तर कळंना.” काम तिथून सुरू झालं. (आणि खरं सांगते, मध्येच सल्ला द्यायची खाज मलाही सुटते.)

प्रमाणपत्र विचाराच, हा धंदा कुणीही पाटी लावून करू शकतो. फेडरेशनच्या एसीसी या पहिल्या श्रेणीला कोचिंगचा किमान १०० तासांचा अनुभव लागतो, त्यावरच्या पीसीसीला ५००. फी, भेटी किती, गुप्तता हे कागदावर घ्या. आणि झोप उडाली असेल, मन सतत खचलेलं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मीही तेच सांगून परत पाठवते.