नदीकाठ आणि कुरण: एका फेरीत दोन तऱ्हांचं धावणं

नदीच्या काठाने जाऊन कुरणातून परतणारी पाच-सहा किलोमीटरची फेरी नकाशावर एकसलग दिसते. पायांना मात्र त्या दोन निराळ्या वाटा असतात. काठाची वाट अरुंद, ओलसर आणि एका अंगाला कललेली. कुरण मोकळं आणि मऊ, पण गवताखाली काय आहे ते दिसू न देणारं. डांबरी रस्त्यावरचा वेग आणि तिथलीच लांब ढांग घेऊन इथे उतरलं तर घोटा मुरगळण्याची भीती असते. तो वाचला तरी दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात.

पहिल्या खेपेला पूर्ण फेरी चालत करावी, घाई न करता. वाटा कुठे फुटतात, मध्येच बाहेर पडून रस्त्याला लागता येईल अशा जागा कोणत्या, पाणी कुठे साचतं हे लक्षात ठेवावं. नदीची वळणं तर थांबून बघावीत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठावर आदळतो, माती खालून पोखरली जाते आणि वर गवताची कड शाबूत दिसत राहते. अशा ठिकाणी कडेपासून दोन-तीन मीटर आतून जायचं. काठाला समांतर भेगा दिसल्या तर त्याहूनही आत. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि वाळू, गाळ तिथेच टाकून जातो. तिथे पाय रुततो, म्हणून आधीच पावलं लहान करायची. पूर ओसरल्यावर उरलेला गाळाचा पातळ थर सगळ्यांत फसवा: वरून वाळलेला दिसतो आणि खाली साबणासारखा निसरडा असतो.

आपल्याकडे ऊन असलं तरी वरच्या भागात झालेल्या पावसाचं पाणी काही तासांनी इथे पोचू शकतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, प्रवाहाचा आवाज बदलला, की मागे फिरावं. वाटेवर वाहतं पाणी असेल तर त्यात उतरूच नये. घोट्याच्या जरा वर, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर वेगवान पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं.

बुटांच्या तळाला ४ ते ५ मिलिमीटर खोल खाचा असाव्यात. गुळगुळीत तळ ओल्या गवतावर सटकतो. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पण टाच हलता कामा नये. टाच सुटत असेल तर शेवटच्या दोन भोकांतून लेसचे छोटे फास करून लेस एकमेकींच्या फासातून ओवावी आणि मग बांधावी. जलरोधक बुटांचा मोह आम्ही टाळायला सांगू. दवाचं पाणी मोज्यावरून ओघळून आत शिरतंच आणि मग बाहेर पडायला वाट उरत नाही. जाळीदार बूट भिजतो, पण लवकर निथळतो. मोजे सुती नकोत. भिजलेलं सूत कातडीला घासून फोड आणतं. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे घ्यावेत.

सुरुवातीला पाच मिनिटं भरभर चालावं, घोटे दोन्ही दिशांनी फिरवावेत, मग पाच मिनिटं अगदी हळू धावावं. वेग घड्याळावर नाही, श्वासावर ठरवायचा: धावताना एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. नव्याने सुरू करणाऱ्यांनी चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं करावं. आठवड्यातून दोनदा पुरे.

काठावर नजर तीन-चार मीटर पुढे ठेवावी. पायाशी बघत धावलं तर पाऊल ठरवायला वेळच मिळत नाही. पाऊल शरीराच्या खालीच पडू द्यावं, हात थोडे पसरट ठेवावेत. झाडाच्या मुळावर पाय न देता ते ओलांडावं, कारण ओली साल विलक्षण निसरडी असते. लाकडी साकवावर वळायचं नाही, वेग एकदम कमी करायचा नाही, तळवा सपाट टेकवत सरळ जायचं. काठाची वाट बहुधा पाण्याकडे कललेली असते. नेहमी एकाच दिशेने फेरी मारली तर दर वेळी तोच पाय खालच्या अंगाला पडतो आणि हळूहळू गुडघा किंवा कंबर कुरकुरू लागते. म्हणून दिशा आलटून-पालटून घ्यावी. ज्या दिवशी वाट ओली असेल त्या दिवशी मात्र काठ आधी, कारण तिथे ताजे पाय आणि पूर्ण लक्ष लागतं. उन्हाच्या दिवसांत कुरण आधी उरकावं, मग बूट दवाने भिजले तरी चालेल.

झाडांच्या सावलीतून कुरणात शिरताना वीस-तीस पावलं चालावं. डोळ्यांना उजेडाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि पहिला खड्डा बहुधा तिथेच गाठतो.

कुरणात मळलेल्या वाटेवरच राहावं. उंच गवतात बिळं आणि गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे लपलेले असतात. आजूबाजूपेक्षा गर्द हिरवा पट्टा दिसला तर खाली ओल आहे असं समजावं. मऊ जमिनीत टाच खोल जाते, पोटरीला आणि टाचेच्या शिरेला जास्त ताण बसतो, त्यामुळे त्याच मेहनतीत वेग कमी पडतो. तो भरून काढायला जाऊ नये. गुरं चरत असतील तर चालत, लांबून वळसा घ्यावा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. गडगडाट ऐकू आला की मोकळ्या मैदानातून निघून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावं. एकट्या झाडाखाली थांबणं सर्वांत वाईट.

घरी आल्यावर गोचीड शोधावी: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली, केसांच्या कडेला. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावू नये, चटका देऊ नये. पुढच्या काही आठवड्यांत पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगावं.

बुटांचा चिखल वाळल्यावर ब्रशने झाडावा, आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तास-दोन तासांनी बदलावेत. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर तळाचा डिंक सुटतो.