सुचत नाही? मग स्मरणचित्र काढा (अप्लाइड आर्टला नवीन आलेल्यांसाठी)

बीएफएच्या (कलेच्या पदवीच्या) सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ओळखीपाळखीतून एखादा तरी फोन येतोच, ताई अप्लाइड आर्टला अ‍ॅडमिशन झालं, बोर्ड कुठला घेऊ, कलर कुठले घेऊ, आणि सामानाची यादी संपली की मग हळूच खरा प्रश्न, मला काही सुचतच नाही हो, वर्गातल्या बाकीच्यांना एवढं कसं सुचतं? माझं उत्तर दरवेळी एकच असतं आणि ते ऐकून पोरं जरा हिरमुसतात. स्मरणचित्र काढा.

हो हो, तेच शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांमधलं, विषय देतात आणि समोर काही न ठेवता आठवणीतून चित्र काढायचं. त्या पेपरची आपण काय वाट लावून ठेवलीय ते सगळ्यांना माहितीये. क्लासमध्ये एक पाठमोरी बाई, एक छत्रीवाला माणूस, एक फुगेवाला आणि मागे झाड एवढं पाठ करून घेतात, मग विषय जत्रा येवो, बसस्टॉप येवो की भाजी मंडई, फुगेवाला सगळीकडे हजर. बीएफएच्या सीईटीलाही मेमरी ड्रॉइंगचा, म्हणजे स्मरणचित्राचाच, वेगळा पेपर असतो आणि तिथेही हा बिचारा येतोच. मार्क मिळून जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण अ‍ॅडमिशन झालं की पोरं हा विषय कायमचा सोडतात आणि माझ्या मते सुचत नाही याचं निम्मं कारण तिथे आहे, डोक्यात माल भरलाच नाही तर बाहेर काय येणार.

कसं करायचं ते सांगते. रोजच्या रस्त्यावरची एक जागा धरा. समजा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. जाताना दोनेक मिनिटं नीट बघा, फोटो काढायचा नाही, स्केच पण नाही, नुसतं बघायचं आणि मनातल्या मनात बोलत राहायचं की टेबलावर जुनी चादर चौघडी करून टाकलीय, पाण्याची बाटली उजव्या हाताला, इस्त्री झालेले कपडे मागे, न झालेली गाठोडी टेबलाखाली, माणूस इस्त्री दाबताना खांदा पुढे टाकतो. घरी येऊन काढायला बसा. अडाल, हमखास अडाल, कोळशाच्या इस्त्रीची मूठ झाकणाला नक्की कुठे जोडलीय तेच आठवणार नाही. तिथे अंदाजाने काहीतरी ठोकू नका, जागा कोरी सोडा. दुसऱ्या दिवशी जाऊन फक्त ती मूठ बघायची. हे जे दुसऱ्या दिवशीचं बघणं आहे ना त्यातच सगळी गंमत आहे, कारण काल तुम्ही नुसते बघत होतात आणि आज तुम्हाला काहीतरी हवंय. असं बघितलेलं सहसा विसरत नाही.

ही युक्ती माझी नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक होते, ते विद्यार्थ्यांकडून आठवणीतून चित्रं काढून घ्यायचे, शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. आणि अगदी अलीकडचं म्हणजे 2007 साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता (हेच हसाबिस ज्यांना पुढे 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं). मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा होऊन स्मरणशक्ती गेलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पडलायत, काय काय दिसतंय सांगा. त्यातल्या बहुतेकांना ते दृश्य धड उभंच करता येईना, एखादा तुकडा यायचा, पण सगळं जुळून एक जागा तयार होत नव्हती. म्हणजे ज्यांची आठवण गेली होती त्यांची कल्पना पण अडली. मी वैज्ञानिक वगैरे नाही, पण हे वाचलं तेव्हा मला स्मरणचित्राचाच पेपर आठवला.

आता तुम्ही म्हणाल, ताई ही झाली आठवण, कल्पना कुठे आली? ती इथून पुढे. तोच इस्त्रीवाला आता वरून काढा, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसेल तसा. मग टेबलाखालून, गाठोड्यांच्या मधून. मग समजा त्याच्याकडे देवळातल्या देवाचं पितांबर इस्त्रीला आलंय, तर तो कसा उभा राहील, चप्पल काढेल का, पाणी मारेल का? बघा, सुचायला लागलं. ज्याने इस्त्रीवाला नीट बघितलेला नाही त्याला पितांबर सुचलं तरी त्याचं चित्र खोटं वाटतं, लोकांना ते कळतं, का ते सांगता येत नाही पण कळतं.

जागा शोधायला लांब जायची गरज नाही. मुंबईत असाल तर लोकलचा लेडीज डबा, त्यासारखी शाळा नाही. भाजी निवडणाऱ्या बायका, दांडीला टेकवलेल्या झोपाळू माना, कानातल्यांचे कार्ड गळ्यात अडकवून गर्दीतून वाट काढणारी विक्रेती. जेजेची (जेजे स्कूल ऑफ आर्टची) मुलं कित्येक पिढ्या सीएसएमटीला जाऊन लोकांची स्केचेस करतायत. आणि तिथे गेलातच तर माणसांवरून नजर काढून एकदा वर बघा. 1878 ते 1888 मध्ये ती इमारत बांधली तेव्हा तिच्यावरचं बरंच नक्षीकाम जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलं, मोर, माकडं, इथलाच झाडपाला, म्हणजे बाहेर जे दिसत होतं तेच दगडात गेलं. पलीकडे क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवुड किपलिंगची, ते जेजेतच शिकवायचे. बाजारावर शेतकरी, इतकं साधं. आम्हाला हे सगळं शेजारीच होतं आणि आम्ही इंटरनेटवर रेफरन्स शोधायचो, असो.

एक मात्र पाळा. माणसाला टक लावून बघू नका, कुणी अवघडलं की नजर वळवा, आणि विचारलंच तर वही सरळ दाखवा. बहुतेक लोक खूश होतात, काही जण नाक असं का काढलं म्हणून भांडतात.

अक्षरांचंही हेच. अप्लाइडला लेटरिंग येणारच, तर फॉन्टच्या यादीत शिरायच्या आधी हाताने रंगवलेल्या पाट्या बघा, जिथे अजून फ्लेक्स आलेला नाही तिथे, ट्रकच्या मागे, जुन्या पिठाच्या गिरणीवर. घरी येऊन त्यातलं एकच अक्षर आठवून काढा, क्ष किंवा ज्ञ घ्या, वळण कुठे फिरतं ते आठवणारच नाही. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो हे रोज वाचून पण कित्येकांच्या लक्षात आलेलं नसतं. कम्प्युटरवर सगळीकडे दिसणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केलेला, ते आधी कॅलिग्राफर होते, म्हणजे हात आधी, मग मशीन.

पिंटरेस्ट, एआय यांना माझा विरोध नाही, मी पण वापरते. फक्त क्रम सांभाळा. आधी डोक्यातून छोटी छोटी रफ स्केचेस, मग रेफरन्स. उलटं केलं की पहिलंच छान चित्र डोक्यात बसतं आणि मग तुम्ही त्याच्या आसपासच घुटमळत राहता, आणि वर्गातल्या निम्म्या लोकांना तेच पहिलं दिसलेलं असतं त्यामुळे ज्युरीला, म्हणजे कामं तपासतात तेव्हा, सगळ्यांची चित्रं चुलत भावांसारखी एकसारखी शेजारी शेजारी लागतात.

नोकरीत याचा उपयोग काय? जाहिरात एजन्सीत मीटिंग चालू असताना कॉपीवाला (जाहिरातीचा मजकूर लिहिणारा) काहीतरी बोलतो आणि तुम्हाला तिथल्या तिथे फ्रेम काढून दाखवायची असते, गुगल करायला वेळ नसतो. दिवाळी अंकांची कथाचित्रंही तशीच. ही परंपरा 1909 पासूनची आणि नवीन माणसाला इथे अजून शिरकाव मिळतो, पैसे फार नसतात ते आधीच सांगते. कथा येते, कोकणातल्या एसटी स्टँडवर रात्री अडकलेली म्हातारी, आणि चित्र चार दिवसांत हवंय. नेटवर बसस्टँड शोधलात तर चकचकीत काहीतरी येईल. तो सिमेंटचा बाक, भिंतीवरचं रंगवलेलं वेळापत्रक, म्हातारीने पिशवी मांडीत घट्ट कशी धरलीय, हे तुमच्याकडे आधीपासून असेल तरच येणार.

वही महागाची घेऊ नका, भारी कागदावर हात घाबरतो. पाठकोरे कागद शिवून घेतले तरी चालतात, बॉलपेन चालतं. प्रत्येक पानावर जागा आणि तारीख लिहा आणि कोऱ्या सोडलेल्या जागेला गोल करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी काय बघायचंय ते लक्षात राहतं. सबमिशनच्या आठवड्यात हे सगळं बंद पडेल, पडू दे, सबमिशन झालं की त्याच इस्त्रीवाल्यापासून परत सुरू करा.