शिमग्याच्या उन्हात गुलाब: पंप भरण्याआधी पान उलटं करा

थंडी ओसरली की गुलाबाचं दुखणं बदलतं. पौषात कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असतो; फाल्गुनात ऊन तापलं की लाल कोळी आणि फुलकिडे येतात. सगळ्यांवर एकच औषध मारायची सवय सोडा. कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. माव्यासाठी आणलेलं इमिडाक्लोप्रिड त्याच्यावर चालत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं तर कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी माजतो.

म्हणून आधी पान उलटं करा. वरून बारीक फिकट ठिपके, पाठीमागे शिरेलगत हलणारे लालसर कण आणि कोळिष्टकासारखी जाळी दिसली, तर तो कोळीच. कळी अर्धवट उमलून थांबली, पाकळ्यांच्या कडा करपल्या, तर ती पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर-तपकिरी, सुईच्या टोकाएवढे किडे पळू लागले तर ते फुलकिडे.

कोळ्यावर पहिलं औषध पाणी. सकाळी पाइपाच्या तोंडाला बोट लावून पानांच्या पाठीवर जोराचा फवारा, तीन-चार दिवस लागोपाठ. कुंडीतल्या झाडांना बरेचदा एवढं पुरतं. नाही पुरलं तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, तीही त्यानेच आवरते. पण दुपारचा पारा ३२ अंशांवर जात असेल तर गंधक नको, पानं भाजतात. तेलाच्या फवारणीनंतरही दोन आठवडे गंधकाला हात लावू नका.

फुलकिडे आणि माव्यावर कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली. थोड्या कोमट पाण्यात १-२ मिली पातळ साबण घोळवा, मग तेल, मग उरलेलं पाणी. मिश्रण दुधाळ झालं पाहिजे. तेल वर तरंगलं तर पानं करपतील. मिसळलेलं त्याच दिवशी संपवा. संध्याकाळीच फवारा: उन्हात निंबाचा गुण उतरतो, आणि मधमाश्याही तोवर घरी गेलेल्या असतात. सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या लागतात, कारण अंडी पहिल्या हाताला मरत नाहीत.

किडक्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका. बुंध्याशी टाकल्या तर फुलकिडे तिथल्याच मातीत कोषात जातात.

गुलकंदासाठी देशी गुलाब लावला असेल तर त्यावर रासायनिक कीटकनाशक अजिबात नको. पाण्याचा फवारा मारा, किडलेले शेंडे हाताने खुडा.