बॉक्सिंगमध्ये स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करताय? डोक्याच्या बाबतीत या चुका टाळा

“बेशुद्ध पडलो नाही ना, मग काही झालं नाही.” बॉक्सिंग हॉलमध्ये हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते. मेंदूला धक्का बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. डोकं जड होतं, मळमळतं, उजेड नकोसा वाटतो, मघाचा राउंड नीट आठवत नाही. यातलं एक जरी जाणवलं तरी त्या दिवशी ग्लोव्हज काढायचे. “शेवटचा एक राउंड” अजिबात नाही.

दुसरी चूक हेडगार्डवर विसंबण्याची. त्याने भुवई फाटायची वाचते. पण हुक (बाजूने मारलेला ठोसा) बसून मान गर्रकन फिरली की कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो, तो हेडगार्डने थांबत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डविनाच उतरले होते. म्हणून सरावात ते काढून ठेवा असं मी म्हणत नाही. पण समोरच्याने घातलंय म्हणून पूर्ण ताकदीने मारू नका.

स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडनंतर बॉक्सरना तपासलं. तासाभराने त्यांची स्मरणशक्ती मंदावलेली आढळली, 24 तासांत ती पूर्ववत झाली. साध्या, रोजच्या सरावाचा हा परिणाम! म्हणूनच लागोपाठच्या दिवशी जोरदार स्पॅरिंग ठेवणं मला पटत नाही. स्पर्धेतल्या लढती मोजक्याच असतात, डोक्यावरचे बहुतेक ठोसे सरावातच बसतात. डिफेन्स, अंतर, टायमिंग हे सगळं हलक्या हातानेही पक्कं होतं. ताकद काढायला पंचिंग बॅग आहेच.

वजन उतरवायला पाणी तोडलंय, त्या दिवसांत तर स्पॅरिंग नकोच.

सीटी स्कॅन नॉर्मल आला की मुलं दुसऱ्याच दिवशी रिंगमध्ये हजर होतात. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, असा धक्का सहसा दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, मग चालणं, हलका व्यायाम, शॅडो बॉक्सिंग (हवेत ठोसे मारण्याचा सराव) असं पायरी-पायरीने वाढवा. ठोसे खाणं मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. आधीचा धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो, आणि हे तरुण मुलांच्या बाबतीत घडलेलं आहे.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, जागं ठेवणं अवघड जाणं: यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. आणि डोक्याला मार बसलेल्या मुलाला गाडी चालवत एकट्याने घरी जाऊ देऊ नका.