पत्र्याला मोठं भोक पाडण्याआधी

सगळ्यात आधी पत्र्याची जाडी मोजून घ्या, तीही व्हर्नियरने, कारण पुढची सगळी हत्यारं त्यावरच ठरतात. धातू कोणता तेही बघा. साध्या लोखंडाला चुंबक घट्ट चिकटतं, अॅल्युमिनियमला चिकटत नाही. स्टेनलेसवर मात्र चुंबकाचा भरवसा धरू नका.

मग भोकाचा व्यास. साधारण 30 मिमीपर्यंत स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं शंकूसारखं ड्रिल) उत्तम काम देतं, पण त्याच्या एका पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर पुढची पायरी आधीच लागते आणि भोक मोठं होतं. त्यापुढच्या गोल भोकांना होल सॉ, म्हणजे कडेला दाते आणि मधोमध ड्रिल असलेली वाटीसारखी करवत. एकाच मापाची बरीच भोकं पाडायची असतील तर मी नॉकआउट पंचच घ्यायला सांगेन; त्यात पत्र्याच्या एका बाजूला धारदार पंच, दुसऱ्या बाजूला पोकळ डाय आणि दोघांना जोडणारा बोल्ट असतो. मधल्या बोल्टसाठी छोटं भोक पाडायचं आणि पान्याने आवळत जायचं. पंच पत्रा डायमध्ये दाबून कापतो आणि कड सुरेख येते. चौकोनी किंवा वेड्यावाकड्या आकाराला जिगसॉ, म्हणजे अरुंद पातं खालीवर चालवणारी विजेची करवत. त्याचं पातं मात्र बारीक दातांचं हवं: एक मिमी पत्र्याला दातांमधलं अंतर 0.7 मिमीच्या आसपास, दोन-तीन मिमीला 1.2. मोठे दात पातळ पत्र्यात अडकतात आणि पत्रा फडफडतो.

आता आधाराचं लाकूड, आणि याचा कंटाळा कृपा करून करू नका. पातळ पत्र्याला स्वतःचा ताठपणा नसतो. ड्रिल आरपार जाण्याच्या क्षणी पत्रा वर ओढला जातो, भोक तिकोनी होतं, आणि पत्रा सुटा असेल तर तो गरकन फिरून हात कापतो. म्हणून खाली प्लायवुडचा तुकडा आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवेतच. पत्रा एक मिमीहून पातळ असेल तर वरूनही प्लाय लावून सँडविच करा. होल सॉचं मधलं ड्रिल पातळ पत्र्यातलं आपलं भोक हळूहळू सैल करतं, मग दाते घसरून रंगावर ओरखडे उमटतात; खालच्या लाकडात ते ड्रिल पक्कं बसून राहतं. आधीचं भोक मोठं करायचं असेल तेव्हा तर मधल्या ड्रिलला धरायला काहीच उरत नाही. अशा वेळी हव्या त्या मापाचं भोक पाडलेलं प्लाय वरून आवळा आणि होल सॉ त्या भोकातून उतरवा.

आखणीला मास्किंग टेप, गुण्या, डिव्हायडर आणि भोकाच्या मध्यावर खूण ठोकायला सेंटर पंच. टेपवर रेघ स्पष्ट दिसते आणि रंगही वाचतो. पंचाचा ठोका मारताना खाली कठीण आधार ठेवा, नाहीतर पत्र्याला पोचा येतो.

ड्रिल मशीनचा वेग कमी करता येतो ना, हे पाहून ठेवा. साध्या लोखंडात 50 मिमीचा होल सॉ मिनिटाला 180 फेऱ्यांच्या आसपास चालवावा, 100 मिमीचा त्याच्या निम्म्याने. वेग वाढला की दाते निळे पडून बोथट होतात. कटिंग ऑइलचे थेंब जवळ असू द्या. स्टेनलेसमध्ये दाब सोडून नुसतं घासत राहिलात तर पृष्ठभाग आणखी कडक होतो. तिथे वेग अजून कमी आणि दाब सलग.

पत्रा विजेच्या पॅनेलचा असेल आणि आत वायरिंग असेल तर वीजपुरवठा बंद करून टेस्टरने खात्री करा आणि आतले भाग कापडाने पूर्ण झाका. धातूचा एक किस टर्मिनलमध्ये अडकला तरी शॉर्ट होतो. पत्र्याच्या मागे काय आहे, ड्रिल किती आत जाईल, हेही हात घालून बघा. चष्मा डोळ्यांवर हवाच. हातमोजे पत्रा उचलताना घाला, पण मशीन फिरत असताना काढून ठेवा; फिरतं ड्रिल मोज्यासकट बोटं ओढून घेतं.

शेवटी अर्धगोल कानस, पॉलिश पेपर, प्राइमर आणि वायर जाणार असेल तर त्या मापाचं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसवायची कडी) आधीच आणून ठेवा. दोन्ही बाजूंची बर (कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कूस) काढून उघड्या कडेला लगेच प्राइमर मारा. जस्ताचा थर कापला गेला असेल तर जस्तयुक्त रंग.