प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी

रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली की सोसायटीत एकदम जाग येते. पण रुंद होणाऱ्या रस्त्याची रेघ नकाशावर अनेकदा काही वर्षांपूर्वीच आलेली असते. तेव्हा वर्तमानपत्रात एक जाहिरात छापून आली होती आणि ती कोणी वाचली नव्हती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका किंवा नगरपालिका शहराचा विकास आराखडा, म्हणजे बोलीभाषेतली ‘डीपी’, तयार करते. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं आणि नागरिकांना हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. या ३० दिवसांत काय करायचं, ते इथे सांगतो.

आधी नकाशा वाचा, रागवा नंतर

प्रारूपाची जाहिरात राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. नकाशे पालिकेच्या नगररचना किंवा शहर विकास विभागात पाहायला ठेवलेले असतात, आता बहुधा संकेतस्थळावरही असतात. तरी एकदा प्रत्यक्ष जाऊन मोठ्या नकाशासमोर उभे राहा. मोबाइलच्या पडद्यावर नऊ मीटरचा रस्ता आणि बारा मीटरचा रस्ता सारखाच दिसतो.

जाताना आपल्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर जवळ ठेवा. तो मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर मिळतो. नकाशा इमारतीच्या नावाने बोलत नाही, नंबराने बोलतो. कोपऱ्यातली सूची वाचल्याशिवाय रंगांचा अर्थ लावू नका. नकाशासोबत अहवालही असतो. त्यात लोकसंख्येचा अंदाज, आरक्षणांची, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागांची, यादी आणि कोणत्या सोयीसाठी किती जागा धरली आहे, हे सापडतं. हा अहवाल फारसं कोणी उघडत नाही, पण हरकतीचा खरा दारूगोळा तिथेच असतो.

नंतर तीन नकाशे शेजारी ठेवा: आधीचा मंजूर आराखडा, विद्यमान जमीन वापराचा नकाशा आणि नवं प्रारूप. पूर्वी मैदान होतं आणि आता तिथे निवासी रंग आहे का? ओढा गायब झालाय का? उभ्या इमारतीतून रस्ता गेलाय का? अशा चुका होतात. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

एका अर्जात एकच मुद्दा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. आमच्या भागात एकदा एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रती जमा केल्या, खाली फक्त सह्या वेगळ्या. सुनावणीत त्या सगळ्या एका गठ्ठ्यात दहा मिनिटांत निकालात निघाल्या. त्याच दिवशी एका निवृत्त शिक्षिकेने एकाच भूखंडाविषयी दोन पानं आणि एक हाताने काढलेला नकाशा दिला होता. समितीने तिला उलट प्रश्न विचारले. प्रश्न येणं ही चांगली खूण असते.

अर्ज साधारण असा असावा:

“भाग नकाशा क्र. … वरील सि. स. नं. … या जागेवर मंजूर आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण होते. प्रारूपात ते वगळून जागा निवासी विभागात दाखवली आहे. परिसरात अर्ध्या किलोमीटरच्या आत दुसरे मैदान नाही. सोबतच्या नकाशात जवळची मैदाने दाखवली आहेत. सदर आरक्षण पूर्ववत ठेवावे. मला सुनावणीची संधी मिळावी.”

कुठे, काय बदललं, का चूक आहे आणि त्याऐवजी काय हवं, एवढंच. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ या वाक्यावर अधिकारी काहीही करू शकत नाही, ‘रस्ता पूर्वेकडे तीन मीटर सरकवावा’ यावर करू शकतो. भाडेकरूसुद्धा हरकत घेऊ शकतो, त्यासाठी जमीनमालक असायची गरज नाही.

अर्ज आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ऑनलाइन भरलात तर पोच जपून ठेवा. शेवटच्या दिवशी जाऊ नका, रांग असते आणि झेरॉक्सचं मशीन नेमकं तेव्हाच बंद पडतं.

सुनावणीला स्वतः जा

हरकती नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात पालिकेचे सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. तुम्हाला काही मिनिटं मिळतील, म्हणून पहिल्या वाक्यातच सर्व्हे नंबर आणि मागणी सांगा. फोटो न्या, पण चार पुरेत. गैरहजर राहिलात तर अर्ज बाद होतोच असं नाही, पण समोर माणूस नसेल तर कागद मुका राहतो.

आणि मग मतदार यादी

समितीचा अहवाल पालिकेसमोर येतो आणि बदल स्वीकारायचे की नाही हे तिथे ठरतं. म्हणजे तुमच्या मैदानाचं भवितव्य नगरसेवकांच्या हातात असतं. २०२२ पासून राज्यातल्या अनेक महापालिका काही वर्षं प्रशासकाच्या ताब्यात होत्या. अशा काळात जाब विचारायला प्रभागातला निवडून दिलेला माणूसच नसतो. तो निवडायचा तर आधी आपलं नाव मतदार यादीत हवं.

पालिका निवडणुकीसाठी वेगळी नावनोंदणी नसते. विधानसभेची यादीच प्रभागानुसार फोडली जाते. प्रभागनिहाय प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात गेलेल्या किंवा फोडताना गळालेल्या नावांसाठी. नवं नाव तेव्हा घुसवता येत नाही. म्हणून घर बदललं की लगेच अर्ज क्र. ८ आणि पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर अर्ज क्र. ६ भरा. प्रभागरचनेच्या प्रारूपावरही हरकती मागवतात. नाल्याच्या दोन काठांवरची वस्ती दोन प्रभागांत गेली, तर त्या नाल्याचा वाली कोण, हा प्रश्न तिथेच विचारायचा.

मंजुरीनंतरही डोळे उघडे ठेवा

अंतिम मंजुरी राज्य सरकार देतं. सरकारला मोठे बदल करायचे असतील, तर त्या भागापुरती पुन्हा सूचना निघते आणि पुन्हा हरकत घेता येते. ही दुसरी संधी बरेच जण गमावतात, कारण पहिल्या फेरीनंतर सगळे पांगलेले असतात. मंजूर आराखड्यात नंतर किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर कलम ३७ खाली जाहिरात निघते. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, अगदी बारीक टायपात असते.

आरक्षण वाचलं म्हणजे मैदान मिळालं असंही नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक ‘जागा खरेदी करा’ अशी नोटीस पालिकेला देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. म्हणून दर अंदाजपत्रकाच्या आधी नगरसेवकाला लेखी विचारा: या भूखंडाच्या संपादनासाठी किती तरतूद धरली आहे? उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. अर्जात सर्व्हे नंबर लिहायला विसरू नका.